औषधाची चिठ्ठी तरी मराठीत द्या!

पाट्यांसाठी आम्ही सीमावासीयांनी लाठ्या खाल्ल्या, औषधाच्या चिठ्ठीसाठी मात्र कधी ओरडलो नाही. चूक आमचीच. सरकारी दवाखान्यातून घरी सोडताना नर्स इन्सुलिन कसे घ्यायचे ते कानडीत सांगते, आमची आजी मान डोलावते. घरी १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरले, की अडीचपट औषध अंगात जाते. साखर उतरून माणूस बेशुद्ध! सांगितलेले रुग्णाकडून वदवून घ्यावे, हे नर्सिंगमध्येच शिकवतात. पण कोणत्या भाषेत वदवणार? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, असे ठरून साठ वर्षे उलटली. नर्सताईंशी आमचे भांडण नाही, त्या बिचाऱ्या दोघींचे काम एकट्या ओढतात. चिठ्ठ्या छापणाऱ्या खात्याने उत्तर द्यावे.