आकड्यांची भीती आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर

दहावीचा निकाल लागला की कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावातून दरवर्षी पोरापोरींची एक तुकडी बाहेर पडते. कुणी अकरावी विज्ञानाला जाते, कुणी आय.टी.आय.ला, तर कुणी डिप्लोमासाठी नागपूर-अमरावतीची बस धरते. डिप्लोमाला गेलेल्याचा पहिल्या पंधरवड्यातच घरी निरोप येतो, "बाबा, सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो." बाप गवंडीकाम करणारा, आई संत्र्याच्या बागेत नाहीतर कापूस वेचायला जाणारी. साधारण पाचशे-सहाशे रुपयांपासून दीड हजारापर्यंत ही वस्तू मिळते. घरात साहजिकच प्रश्न निघतो, की किराणा दुकानात असतो तो शंभर-दीडशेचा कॅल्क्युलेटर का चालत नाही?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आईबापांनाही कळले पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. पैसे खर्च होतात, यंत्र घरात येते, पण ते कसे वापरायचे हे कुणी नीट सांगत नाही. उत्तरे चुकू लागतात आणि पोरगं म्हणते, "गणित आपल्या डोक्यात बसत नाही." पुष्कळदा दोष डोक्याचा नसतो, दाबलेल्या बटणाचा असतो. त्यापायी कुणाचे शिक्षण सुटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी फरक समजून घेऊ. चाळीस रुपयांचे तेल घेतले आणि पंधरा रुपयांच्या तीन वह्या घेतल्या, तर बिल पंच्याऐंशी रुपये होते. आता दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर 40 + 15 × 3 असे ओळीने दाबा. बहुतेक यंत्रे उत्तर देतील 165. कारण ते आधी चाळीस आणि पंधरा मिळवते आणि मग तिनाने गुणते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र 85 दाखवतो. शाळेत गुरुजींनी 'कंचेभागुबेव' पाठ करून घेतले होते ते आठवा. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार-गुणाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी. हा क्रम या यंत्रात मुळातच बसवलेला असतो.

पण यंत्राला आपल्या मनातले कळत नाही. वहीत आपण अपूर्णांक लिहितो, वर 18 अधिक 24 आणि खाली 2 गुणिले 3. बेचाळीस भागिले सहा, उत्तर 7. हेच यंत्रावर 18 + 24 ÷ 2 × 3 असे सरळ दाबले तर 54 येते. यंत्र चुकले नाही, आपण कंस दिले नाहीत. (18 + 24) ÷ (2 × 3) असे दाबले की 7 मिळते. म्हणून पोरांना पहिला नियम सांगा. रेघेच्या वरचे सगळे एका कंसात आणि रेघेखालचे सगळे दुसऱ्या कंसात. शंका आली तर कंस जास्तीचा दिलेला चालतो, कमी पडलेला चालत नाही.

वजा चिन्हाचेही तसेच. वजा तीनचा वर्ग नऊ होतो. पण कंस न देता दाबले तर यंत्र आधी तिनाचा वर्ग करते आणि मग वजा लावते, उत्तर येते वजा नऊ. त्यासाठी (−3) असा कंस करूनच वर्गाचे बटण दाबावे.

आता सर्वांत जास्त पोरांना रडवणारी गोष्ट. कोन मोजण्याच्या रीती एकाहून जास्त आहेत. शाळेत आपण अंश शिकतो, पुढे रेडियन येतात. यंत्राला दोन्ही कळतात, पण या घडीला कोणती रीत धरायची हे आपण ठरवून द्यावे लागते. पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक 'डी' दिसत असेल तर अंश, 'आर' दिसत असेल तर रेडियन. साइन 30 चे उत्तर अंशात 0.5 येते. तेच यंत्र रेडियनवर असेल तर वजा 0.988 येते. मित्राने यंत्र मागून नेले, त्याने रीत बदलली आणि तसेच परत दिले, तर दुसऱ्या दिवशी पेपरातली त्रिकोणमितीची सगळी उदाहरणे चुकतात. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर चूक. यावर उपाय अगदी सोपा आहे. परीक्षेला बसल्यावर पहिल्यांदा साइन 30 दाबून पाहावे. अर्धा आला तर यंत्र अंशावर आहे. नाही आला तर 'मोड' किंवा 'सेटअप' मध्ये जाऊन बदलावे. प्रत्येक मॉडेलची बटणे थोडी निराळी असतात, म्हणून डब्यातले माहितीपत्रक फेकू नये, वहीत जपून ठेवावे.

उत्तर वाचायलाही शिकावे लागते. 1 भागिले 3000 केले तर काही यंत्रांवर 3.333 आणि त्यापुढे दहाचा वजा चौथा घात असे दिसते. घाईत पोरगं नुसते 3.333 उतरवते. खरे उत्तर 0.000333 आहे. नव्या यंत्रांवर कधी उत्तर अपूर्णांकात किंवा वर्गमुळात येते. तेव्हा घाबरू नये, 'एस-डी' लिहिलेले बटण दाबले की दशांशात दिसते.

हे यंत्र फक्त कॉलेजच्या कामाचे आहे असे मात्र समजू नका. आमच्या घरोघरी त्याला काम आहे.

गवंडीकाम घ्या. चौदा फूट बाय दहा फुटांची खोली आखायची आहे. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहायला जुने कारागीर तीन, चार, पाचाचा हिशोब लावतात. तेच पायथागोरसचे प्रमेय, पोरगी शाळेत शिकते ते. चौदाचा वर्ग अधिक दहाचा वर्ग, मिळून 296, त्याचे वर्गमूळ 17.2047. दशांशाला बाराने गुणले की इंच मिळतात, म्हणजे सतरा फूट आणि जवळजवळ अडीच इंच. पोरीने सांगावे, "बाबा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सतरा फूट अडीच इंच भरलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी." बाबांनी फीत लावून पाहावे. शाळेतले गणित आणि बापाचा हुन्नर एकच आहे, हे त्या दिवशी दोघांनाही कळेल.

तासांचा हिशोब घ्या. कारखान्यात रोज 8 तास 45 मिनिटे काम आणि आठवड्याचे सहा दिवस. साध्या कॅल्क्युलेटरवर 8.45 गुणिले 6 केले तर 50.7 येते आणि ते चूक आहे, कारण तासाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हे. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अंश-मिनिट-सेकंदाचे एक बटण असते. त्याने 8 आणि 45 भरून सहाने गुणले की 52 तास 30 मिनिटे येतात. पावणेदोन तासांहून जास्त फरक पडला. ही मजुरी कुणाच्या खिशात जायची, ते हिशोबावर ठरते.

सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आर मध्ये लिहिलेली असते. शंभर आरचा एक हेक्टर आणि एका हेक्टरचे 2.471 एकर. 1 हेक्टर 20 आर म्हणजे 1.20 गुणिले 2.471, जवळपास 2.97 एकर. वाटणी करताना किंवा बटाईने शेत देताना हा आकडा आपल्या हाताने काढलेला असावा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट व्याजाची. गावात "महिन्याला शेकडा पाच" हे बोलणे हलके वाटते. दहा हजार घेतले, वर्षभर काहीच भरता आले नाही आणि व्याजावर व्याज चढत गेले, तर किती होतात? घाताच्या बटणाने 1.05 चा बारावा घात काढा आणि दहा हजारांनी गुणा. 17,958 रुपये होतात. दोन वर्षांचा, म्हणजे चोविसावा घात काढला तर 32,250 रुपये. मुद्दलाच्या तिपटीहून जास्त. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे गुन्हा आहे, हेही माहीत असावे.

आमच्या माताभगिनी आता गटाचे कर्ज घेतात, दारात हप्ता वसूल करणारे येतात. तिथे एक प्रश्न जरूर विचारावा, व्याज सपाट आहे की उरलेल्या रकमेवर? दहा हजारांवर वर्षाला 12 टक्के सपाट म्हटले तर व्याज 1200 रुपये आणि हप्ता 933 रुपये. तेच 12 टक्के उरलेल्या रकमेवर असतील तर महिन्याला 1 टक्का धरून हप्ता असा काढतात: 1.01 चा बारावा घात करायचा, एकाला त्या उत्तराने भागायचे, आलेले उत्तर एकातून वजा करायचे आणि शंभर रुपयांना, म्हणजे पहिल्या महिन्याच्या व्याजाला, त्याने भागायचे. हप्ता 888 रुपये 49 पैसे येतो. वर्षाचे व्याज सुमारे 662 रुपये. दर दोन्हीकडे बारा टक्केच बोलला गेला, पण पाचशे अडतीस रुपये जास्त गेले. अकरावी-बारावीला शिकणारी लेक आईशेजारी बसून हा हिशोब दहा मिनिटांत करू शकते. सही करण्याआधी तो करावा.

काही वडीलधारी म्हणतात, यंत्राने पोरांचे डोके मंद होईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाढे न येणाऱ्याच्या हातात यंत्र दिले तर त्याला चुकीचे उत्तरही बरोबरच वाटणार. म्हणून बटण दाबण्यापूर्वी मनात अंदाज बांधावा. एकोणीस गुणिले एकवीस म्हणजे चारशेच्या आसपास. यंत्राने 3990 दाखवले तर एक शून्य जास्त पडले, हे लगेच ध्यानात यावे. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीच्या आणि बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीला लॉग टेबल वापरता येते. जेईई मेन आणि नीटलाही कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या परीक्षेत मात्र प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर चालतो. तेव्हा दहावीपर्यंत हाताने करा, यंत्रावर फक्त ताळा पाहा. त्यानंतर यंत्र मनापासून शिका.

हे यंत्र फार जुनेही नाही. जॉन नेपियरने 1614 मध्ये लॉगॅरिथमची रीत जगापुढे ठेवली आणि पुढे साडेतीनशे वर्षे इंजिनिअर मंडळींचे काम कोष्टके व मोजपट्ट्यांवर चालले. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-35, 1972 मध्ये आला. किंमत 395 डॉलर. त्या काळी तो श्रीमंत देशांतल्याही सामान्य घराला परवडणारा नव्हता. आज त्याहून जास्त कामे करणारे यंत्र मजुराच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीत येते.

ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांनी वरच्या वर्गातून निघालेल्या मुलांकडून जुने घ्यावे. घ्यायच्या आधी सगळी बटणे चालतात का ते पाहावे. घरच्या मोबाइलमध्येही बहुधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतो, काही मोबाइल आडवे धरले की तो उघडतो. सराव त्यावर करता येईल, पण परीक्षेत मोबाइल चालत नाही.

आमची एक सूचना आहे. कारंज्यात काय आणि इतर गावांत काय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली आपली मुले-मुली आता आहेत. सुट्टीत गावी आल्यावर त्यांनी एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात दोन तास बसावे. दहावी झालेल्या पोरांना कंस, घात, वर्गमूळ आणि अंश-रेडियन एवढ्या चार गोष्टी करून दाखवाव्यात. आईबापांनीही मागे बसावे, सोबत कर्जाचे हप्त्याचे कार्ड आणि सातबारा आणावा. पोरांनी शिकलेला हिशोब त्याच कागदांवर करून पाहावा.