चिठ्ठ्यांची साक्ष

१८८६ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधील २०५ दांपत्यांची व त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची ताडून पाहिली. आईबाप सरासरीहून तीन इंच उंच, तर मुले सुमारे दोनच इंच! सरासरीकडे परतण्याच्या या ओढीचे ‘रिग्रेशन’ हे नाव त्यांचेच.

परंतु दुसरी कुटुंबे निवडली असती तर? १९७९ साली ब्रॅडली एफ्रन यांनी सुचविलेली युक्ती येथे लावून पाहू. प्रत्येक कुटुंबाची एक चिठ्ठी करावी. एक काढून, टिपून, परत टाकावी. अशा २०५ नोंदींवरून उत्तर काढावे आणि हा क्रम हजारदा करावा. उत्तरे एकमेकांजवळ पडली तर निष्कर्ष पक्का, विखुरली तर कच्चा.

आज संगणक अशी भाकिते क्षणात करतो. वाचकहो, त्याचा आकडा स्वीकारण्यापूर्वी तो या कसोटीवर किती हलतो, हे अवश्य विचारावे. मात्र मूळ नोंदीच एकांगी असतील, तर हजार फेऱ्याही सत्य हाती देणार नाहीत.