मागच्या काचेचे रबर



आमच्या घरापुढे उभा असलेला 1995 सालचा फोर्ड एफ-150 पिकअप हा ट्रॉयमधील आमच्या गल्लीत थट्टेचा विषय आहे. मोटार-उद्योगातील माणसांच्या या गावी नव्या गाड्यांची वाण नाही. तरीही बागकामासाठी घेतलेले हे जुने वाहन माझ्याने विकवले नाही. या सप्टेंबरात मात्र पावसानंतर आसनामागची चटई पिळावी लागली. हिवाळ्यात येथील रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. शेजारच्या डेट्रॉईट शहराखाली हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाणच आहे. बुटांबरोबर आत आलेले ते मीठ आणि मुरलेले पाणी एकत्र आले, की केबिनचा पत्रा आतून कुजतो.

प्रथम मी दोष दाराच्या काचांना दिला. तो अन्याय होता. काचेलगतची रबरी पट्टी सारे पाणी अडवीतच नाही. थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरावे व तळाच्या छिद्रांतून वाहून जावे, अशीच ती रचना असते. ती छिद्रे चिखलाने बुजली होती. तारेने मोकळी केली, तरी ओल राहिलीच. मग मुलीला विजेरी देऊन आत बसवले आणि बाहेरून नळीने पाणी सोडले. ते खालून वर सोडावे. वरून सोडल्यास पाणी सर्वत्र ओघळते आणि गळती नेमकी कोठे, हे कळत नाही. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात थेंब दिसताच ती ओरडली. तेथील रबर कडक होऊन आक्रसले होते.

माझे वडील नागपूरजवळच्या हिंगणा येथील एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. बसच्या काचांना रबरी बीडिंग बसवणे हे त्यांचे काम. मला त्यांनी तेथे एकदाही नेले नाही. घरी सायकलची चेन चढवू लागलो, तरी माझ्या हातातला पाना काढून घेत आणि पुस्तकाकडे बोट दाखवीत. आजोबांच्या पिढीत हाताचे काम निवडलेले नसे, नेमून दिलेले असे. वडिलांना ते माझ्यापाशी थांबवायचे होते. त्यांचा निर्णय मी योग्यच मानतो. पण त्यामुळे पदव्युत्तर पदवीधर असलेल्या मला, छत्तिसाव्या वर्षी, रबराला ग्रीस लावायचे की साबण, हे फोनवरून विचारावे लागले.

“साबणाचं पाणी घे. तेल रबराले खाते,” ते म्हणाले. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. ऊन आणि ओझोन ते सोसते, पण खनिज तेलाने फुगते. वडिलांना ते नाव ठाऊक नव्हते. (दाराच्या काचांच्या खाचांत मात्र थंडीपूर्वी सिलिकॉनचा फवारा मारावा, नाहीतर गोठलेली काच बटण दाबताच रबर फाडते.)

जुने रबर कापून काच काढली. खालच्या पत्र्याच्या कडेवर गंज होता. तो घासून, गंजरोधक रंग देऊन आठवडाभर वाळू दिला. पुढच्या शनिवारी येथे सकाळचे नऊ आणि नागपुरात सायंकाळचे साडेसहा वाजले असताना काम सुरू केले. नवे रबर काचेभोवती चढवले, त्याच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी वीतभर एकमेकांवर घेऊन केबिनमध्ये सोडली. पत्नीने बाहेरून तळव्यांनी काच दाबून धरली. मी आतून दोरी ओढू लागलो. दोरी निघत जाते, तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत उलटते.

“घाई कायले करून राहिला? काचेच्या मध्याकडे वढ.”

दुसऱ्या कोपऱ्यावर मी अडलो. वडिलांनी फोन आईच्या हाती दिला, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले आणि अंगठा कोठे दाबायचा ते दाखवले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक जुना व्रण आहे. तो काचेचा आहे, हे मला त्या दिवशी कळले.

काच बसल्यावर पुन्हा नळी सोडली. मुलगी विजेरी घेऊन आत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही.

“काय म्हणते नात?” नागपूरहून प्रश्न आला.

“कोरडं आहे, आजोबा.”

तरीही त्यांनी खालचा कोपरा आणखी एकदा जवळून दाखवायला लावला.