पहिल्या कौलाची किंमत
१९६८ साली अमेरिकी अध्यक्षपदाच्या शर्यतीत सर्वांत आधी झालेल्या न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत अध्यक्ष जॉन्सन जिंकूनही निस्तेज ठरले व पुढे रिंगणातूनच हटले (व्हिएतनामचे ओझे होतेच म्हणा). १९९२ मध्ये थोरले बुशही तेथे घायाळ होऊन अखेरीस अध्यक्षपदाची निवडणूक हरले. तथापि पहिल्या कौलात लंगडलेला सत्ताधीश पुढे पडतोच, हा सिद्धांत पुणे जिल्ह्यातल्या पौडच्या तहसील कचेरीपाशी चहा घेणाऱ्या मुळशीकरास पटणे कठीण. २०२४ च्या लोकसभेत ४८ पैकी १७ जागांवर अडलेल्या, महाराष्ट्रातील सत्ताधारी महायुतीने ती ताकीद मानून, ‘लाडकी बहीण’ योजनेतील महिलांच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये जमा करीत, सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा काबीज केल्या. आणि लोकसभेला महायुतीविरोधी सुप्रिया सुळे यांना मताधिक्य देणाऱ्या, मुळशी ज्यात मोडतो त्या भोर मतदारसंघाने तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे यांना डावलून महायुतीचे शंकर मांडेकर निवडले.