रोप लावणे सोपे, जगवणे कठीण

बिर्लानगरात कॉफी लावावी काय, असे काही वाचक आम्हांस विचारतात. पीक म्हणून लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉफीला डोंगरावरचा गारवा, सावली आणि भरपूर पाऊस लागतो. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लू वाहते. जानेवारीच्या रात्री तोच पारा चार-पाच अंशांवर उतरतो. महाराष्ट्रात कॉफी रुजली ती अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास, सुमारे १,१०० मीटर उंचीवर. तेथील मरियमपूरच्या कॅथलिक मिशनचे नाव या लागवडीशी जोडलेले आहे.

कॉफी आपल्याकडे येणार नाही. परंतु कॉफीच्या मळेवाल्यांची रोप जगवण्याची रीत आपण अवश्य घ्यावी. आपल्या अंगणातील लिंबू, पेरू, सीताफळ यांना ती तितकीच लागू पडते.

मळेवाले खड्डा आधी खणतात. दीड फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा काही आठवडे उघडा ठेवून उन्हापावसाने माती मोकळी होऊ देतात. मग वरच्या थरातील चांगली माती व कुजलेले शेणखत घालून तो भरतात. ताजे शेण घालू नये; त्याने वाळवी येते. माती पुढे खाली बसते, म्हणून खड्डा थोडा उंच भरावा.

रोप निवडताना ते पाने पाहून थांबत नाहीत, मूळ पाहतात. पिशवीत सोटमूळ वाकडे झालेले रोप पुढे कधीच जोम धरत नाही. ते बाजूला काढतात. लावताना पिशवी पूर्ण काढावी, पण मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत असावे. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. मग माती हाताने दाबावी आणि काठीचा आधार द्यावा.

खरे काम यापुढे सुरू होते. मळेवाले बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात आणि पहिल्या उन्हाळ्यात कोवळ्या रोपावर डहाळ्यांची सावली करतात. आपण तुरीच्या काड्या किंवा जुने गोणपाट वापरावे. पश्चिमेची बाजू विशेष झाकावी. थंडीच्या रात्रीही हेच गोणपाट उपयोगी पडते. आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. पाणी संध्याकाळी, आळ्यात, सावकाश द्यावे.

दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे समारंभ होतात, रोपे मोजली जातात, छायाचित्रे निघतात. पुढच्या मे महिन्यात त्यांतली किती उभी आहेत हे पाहायला मात्र कोणी जात नाही. हा रोपांचा, पैशाचा आणि लोकांच्या उत्साहाचाही अपव्यय आहे. मेलेली रोपे दोन-तीनदा पाहिली की माणूस म्हणतो, आमच्या मातीत काही येतच नाही. दोष बहुधा मातीचा नसतो. पहिल्या वर्षी राखण झालेली नसते.

म्हणून आमची सूचना अशी : एका घराने एकच रोप लावावे, आणि ते वर्षभर सांभाळण्याचे काम घरातील एका माणसाच्या नावावर असावे. खड्डा जूनमध्येच खणून ठेवा. दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा. हिशेब पुढच्या आषाढात करू, आणि तो जगलेल्या रोपांचा असेल.