देव पहिला, बाकी सगळं त्याच्याही आधी

आमच्या सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांत दोन शब्द हमखास दिसतात. भिंतीवर, गाडीच्या काचेवर आणि आता व्हॉट्सॅपच्या स्टेटसवरही. 'देव प्रथम'. तोंडात तर कायमच. नोकरी लागली, प्रभूची कृपा. प्रमोशन हुकलं, प्रभूची इच्छा. भेटलं की 'जय ख्रिस्त', निघताना 'प्रभू बरोबर असो'. हिंजवडीत नोकरीला आलेली पोरं त्यात 'प्रेझ द लॉर्ड'ची भर घालतात, म्हणजे जरा स्मार्ट वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे बोलणं इतकं स्वस्त झालंय की आमच्यात आता देवाचं फक्त नाव पहिलं उरलंय. देव स्वतः बराच मागे, रांगेत उभा आहे.

ज्यांनी सपोर्ट प्रोजेक्टवर दिवस काढलेत त्यांना हे पटकन कळेल. क्लायंटचं प्रत्येक तिकीट 'प्रायॉरिटी वन' असतं. चाळीस तिकिटं, चाळीसही पी-वन! मग खरी प्रायॉरिटी कशी ओळखायची? संध्याकाळी दोनच माणसं जागेवर असताना कुठलं तिकीट हातात घेतलं आणि कुठलं उद्यावर ढकललं, त्यावरून. तिकिटावर काय लिहिलंय त्याला कोण विचारतो? देवाचंही तसंच. देव आणि पगार, देव आणि जात, देव आणि 'लोक काय म्हणतील' हे ज्या दिवशी एकदम समोर येतात, त्या दिवशी पहिलं कोण ते ठरतं. एरवी काय, सगळेच पहिले.

लांब कशाला जायचं, साताऱ्याचंच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातले 'फुलामुलांचे कवी' म्हणून माहीत असतात. या माणसाने 1895 साली बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण घरातला माणूस, आप्त तुटले, बायको कित्येक वर्षं दूर राहिली. एवढं झाल्यावर कुणीही म्हणेल, झाला की त्याग, आता बसा निवांत. मिशनची नोकरी होती, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन होतं, नाव होतं. पण 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताच्या मागे चालायचं. दोनच वर्षांत, 1919 मध्ये ते गेले आणि दरबारही पुढे फार टिकला नाही. आमच्या आजच्या भाषेत 'फेल्ड स्टार्टअप'.

पण बघा ना, पहिल्यांदा जात सोडली ती ठीक. दुसऱ्यांदा जे सोडलं ते ख्रिस्ती जगातलंच होतं. पगार, पद, संस्थेची सावली. देवाच्या नावाने मिळालेली खुर्चीसुद्धा देवाच्या आड येऊ शकते, हे त्यांना कळलं होतं. आमच्या मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीच्या निवडणुका ज्यांनी बघितल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता सांगली जिल्ह्यात या. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस. जन्म कॅनडाचा, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं. पुढे क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढलं, त्यावरूनच आजची वॉनलेसवाडी. मिशन हॉस्पिटलांत ऑपरेशनआधी प्रार्थना करायची पद्धत आहे. ती आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते आणि साक्ष देताना अगदी भरभरून सांगितली जाते. पण प्रार्थना केली म्हणून हत्यारं उकळायची कुणी टाळली नाहीत, हे कुणी सांगत नाही! टाका नीट घालणं हाच तिथे देवाला मान होता. पेशंट दगावला तर प्रभूची इच्छा म्हणण्याआधी आपण काय कमी पडलो हे बघावं लागतं. त्याशिवाय मिरजेसारख्या गावात लांबलांबचे लोक विश्वासाने ऑपरेशनला आले असते का?

या दोघांच्या शेजारी आमची आजची भाषा ठेवून बघा. देवाचं नाव आम्ही मुख्यतः तीन कामांना वापरतो.

पहिलं काम, कव्हर-अप. काम वेळेत झालं नाही, परीक्षेचा अभ्यास केला नाही, आजाऱ्याला वेळेत दवाखान्यात नेलं नाही, की 'प्रभूची इच्छा'. वा! चूक आपली, सही देवाची. ऑफिसात बिल्ड फुटली तर मूळ कारण शोधल्याशिवाय कुणी घरी सोडत नाही. इथे मात्र देवाच्या नावावर तिकीट क्लोज.

दुसरं काम, तोंड बंद करणं. कमिटीत कुणी हिशोब विचारला की उत्तर येतं, 'आम्ही प्रार्थना करून ठरवलंय'. पोरीला पुढे शिकायचंय, तर 'प्रभूने आम्हाला दाखवलंय' म्हणून तिचं लग्न. आता प्रभूशी वाद कोण घालणार? दहा आज्ञांमधली देवाच्या नावाबद्दलची आज्ञा म्हणजे शिव्या देऊ नका, एवढंच आम्हाला लहानपणी शिकवतात. माझ्या मते ती अशाच लोकांसाठी आहे. स्वतःचा हट्ट देवाच्या लेटरहेडवर छापून देणं, याहून नावाचा मोठा गैरवापर कुठला?

तिसरं काम, सगळ्यात कडू. लग्न. 'जोड्या देवच जुळवतो' हे वाक्य संपतं न संपतं तोच हळू आवाजात प्रश्न येतो, 'मूळचे कोण ते?' म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीची जात. चार पिढ्या झाल्या तरी! रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी स्थळ परत पाठवायचं. कारण काय सांगायचं? 'आम्हाला प्रार्थनेत शांती वाटली नाही.' लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही अभिमानाने कपाटात ठेवतो. त्यात त्या बाईंची सोवळ्याओवळ्याशी झालेली झटापट आहे, आणि कुठेही लपवाछपवी नाही. मनात जात होती तोवर ती होती असं त्या लिहितात, आणि सुटली तेव्हा खरंच सुटली. आम्ही सुटल्याचं आधीच जाहीर करून बसलोय.

'मग काय, देवाचं नाव घ्यायचंच नाही का?' असं काका मंडळी विचारतील. आणखी एक म्हणतील, 'अरे, आपण मूठभर लोक, ही भाषा हीच आपली ओळख.' दोन्ही मुद्दे मान्य. 'जय ख्रिस्त' मीही म्हणतो आणि म्हणत राहणार. पण याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय काढून बघा. देवाची इच्छा असेल तर, असं म्हणायला तिथे सांगितलंय खरं, पण कुणाला? अमुक गावी जाऊ, वर्षभर धंदा करू, नफा कमवू असे बेत आखणाऱ्यांना. म्हणजे ते शब्द बेताच्या आधी यायचे आहेत, स्वतःची मान खाली घालायला. आम्ही ते सगळं आटोपल्यावर घेतो, मान सोडवून घ्यायला. शब्द तेच, पण आधी घेतले तर नम्रता आणि नंतर घेतले तर पळवाट. त्याच पत्राचा दुसरा अध्याय तर आणखी झोंबतो. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसते चांगले शब्द देऊन वाटेला लावणाऱ्यांचा तिथे समाचार घेतलाय. 'तुझ्यासाठी प्रार्थना करतो' असं टाइप करून पुढच्या मेसेजकडे वळणारे आम्ही त्यात नेमके बसतो.

म्हणून माझा एक साधा प्रस्ताव आहे. ज्या वाक्यात देवाचं नाव घ्याल, त्या वाक्याची किंमत आपल्या खिशातून, वेळेतून किंवा अब्रूतून जाते का ते बघायचं. जात असेल तर खुशाल मोठ्याने म्हणा. उलट त्या नावाने आपलाच खर्च वाचत असेल, तर ते वाक्य गिळून टाका आणि सरळ मराठीत बोला. 'मला जमलं नाही.' 'हिशोब दाखवायचा नाहीये.' 'मला जात बघायचीये.' ऐकायला वाईट वाटेल, वाटू दे. निदान लबाडी आमच्या नावावर राहील.

असो. उद्या रविवार. उपासनेनंतर चहाला हा विषय काढून बघा. 'प्रभूची इच्छा' असेल तर मारामारी होणार नाही.