चाकांवरचा संसार

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो ही कॅलिफोर्नियातली गावे आता कोथरूड-डोंबिवलीइतकी पाठ झाली आहेत. पालो आल्टोला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कडेने 'एल कमिनो रिआल' हा हमरस्ता जातो. या रस्त्यावर कित्येक वर्षे बसएवढ्या गाड्यांची रांग उभी असे. खिडक्यांना पडदे, टपावर सायकल, दाराशी कुंडी. संध्याकाळी फिरायला निघालेल्या आपल्या माणसांना वाटे, सहलीला आलेली मंडळी दिसताहेत. पण ती सहलीला आलेली नसत, तिथेच राहात असत. सकाळी कुणी हॉटेलात कामाला जाई, कुणी बांधकामावर. शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये अशा गाड्या इतक्या वाढल्या, की २०२० साली मतदारांनी कौल देऊन अरुंद रस्त्यांवर त्या उभ्या करण्यास बंदी घातली.

याच गाडीचे दुसरे चित्र मोबाइलवर दिसते. मागे डोंगर, पुढे तळे, गाडीच्या पायरीवर कॉफी पिणारे तरुण जोडपे आणि अनवाणी हुंदडणारी दोन गोजिरी मुले. खाली लिहिलेले असते, भाड्याच्या जाचातून आम्ही सुटलो. हे चित्र पाहूनच माझ्या भाचीने मला विचारले, "मावशी, तू बँकेत होतीस. आम्ही आरव्ही घेऊन त्यात राहायला गेलो तर?" नवरा शाळेत शिक्षक, एक मूल तीन वर्षांचे, एक अंगावर पिणारे. पगारातला मोठा वाटा घरभाड्यात जातो आणि शिल्लक म्हणून काही उरत नाही. प्रश्न तिचा एकटीचा नाही, म्हणून येथे लिहिते आहे.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. इंजिन असलेले ते मोटरहोम, आणि दुसऱ्या गाडीने ओढायचा तो ट्रेलर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास. त्यांतल्या बहुतेक गाड्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाच्या आसपास तयार होतात. कोरोनाच्या काळात त्यांना बरकत आली. २०२१ मध्ये कारखान्यांतून सुमारे सहा लाख गाड्या बाहेर पडल्या, हा विक्रम होता. २०२३ मध्ये हाच आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. पण त्याच सुमारास घरे आवाक्याबाहेर गेली. २०२१ च्या सुरुवातीला तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्या आत होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पावणेआठ टक्क्यांच्या वर गेला. घर घेणे लांबले, भाडे सुटेना. मग तरुण डोकी चाकांकडे वळली, यात नवल नाही.

"एवढ्याशा जागेत दोन मुले कशी वाढवणार?" हा आक्षेप मला मान्य नाही. अठ्ठावीस फूट लांब, आठ फूट रुंद ट्रेलर म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. गिरगाव-लालबागच्या चाळीत याहून लहान खोलीत आठ-आठ माणसे राहिली, मुले शिकली, लग्नेही उरकली. मात्र त्या खोलीला पुढे गॅलरी होती आणि शेजारी होते. मुलाला जोशीकाकूंकडे ठेवून बाईला दवाखान्यात जाता येई. खोलीची पावती होती, रेशनकार्डावर पत्ता होता, आणि पागडीची का होईना, ती जागा पायाखालून कुणी सहजासहजी काढून घेत नसे. माणूस दहा बाय बारात राहू शकतो, पण उद्या हीच जागा असेल की नाही हे ठाऊक नसताना राहणे अवघड.

आता पैशाचे बोलू. आयुष्यभर कर्जाच्या फाइली चाळल्यामुळे मला कोणत्याही वस्तूकडे तारण म्हणून बघायची खोड लागली आहे. घर गहाण घेताना बँक निर्धास्त असते, कारण त्याखाली जमीन असते. ट्रकचे कर्ज देताना आम्ही मार्जिन जास्त मागायचो, कारण शोरूमच्या बाहेर पडल्याक्षणी ट्रकची किंमत उतरते. आरव्ही दिसायला घर असली, तरी घसाऱ्याच्या हिशेबात ती ट्रकच्या रांगेत बसते. समजा, चाळीस हजार डॉलरचे कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो सुमारे चारशे पाच डॉलर. भाड्याच्या मानाने किती हलका! पाच वर्षांत चोवीस हजारांवर डॉलर भरून होतात आणि तरीही बत्तीस हजार बाकी उरतात. तोवर गाडीचे वीस हजार आले तरी पुष्कळ. म्हणजे विकून मोकळे व्हायचे तर खिशातले बारा हजार घालावे लागणार, आणि ते नाहीत म्हणूनच तर हा मार्ग धरलेला. शिवाय कायम राहण्यासाठी गाडी हवी म्हटले, की कित्येक बँका कर्जच देत नाहीत आणि नेहमीचा विमा चालत नाही, 'फुल-टायमर'चा वेगळा घ्यावा लागतो. अनेक कंपन्यांची वॉरंटीही कायमच्या वास्तव्याला लागू नसते.

गंमत अशी, की अमेरिकेचे प्राप्तिकर खाते झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेल्या अशा गाडीला घर मानते व तिच्या कर्जावरचे व्याज वजावटीला धरू देते. पण बेताच्या उत्पन्नाचे कुटुंब बहुधा स्टँडर्ड डिडक्शनच घेते, त्यामुळे सवलत मिळते ती ज्याला गरज कमी त्याला.

गाडी घेतली तरी उभी कुठे करायची? सार्वजनिक जमिनीवर फुकट राहता येते हे खरे, पण बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांनी हलावे लागते. शिक्षकाची शाळा काही दर पंधरवड्याला हलत नाही. मग खासगी आरव्ही पार्क. तिथे पाणी, वीज आणि मैलापाणी यांची जोडणी मिळते, महिन्याचे भाडे असते, आणि विजेचे बिल पुष्कळदा वेगळे. कित्येक पार्क दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेत नाहीत. स्वस्तात मिळते ती जुनीच गाडी! गरिबाला परवडणारी गाडी फाटकावरच अडते. ट्रेलर असेल तर तो ओढायला दणकट पिकअप हवा, त्याचा हप्ता निराळा.

आणि मोडतोड. घराचे छप्पर गळले तर आपण खाली बादली ठेवतो, पावसाळा काढतो. गाडीचे इंजिन बसले तर अख्खे घर गॅरेजमध्ये जाते. मुलांच्या कपड्यांसह, दुधाच्या बाटल्यांसह. दुरुस्तीचे बिल एकीकडे, मोटेलचे दुसरीकडे. थंडीत नळ गोठतात, पातळ भिंतींतून ऊब टिकत नाही आणि प्रोपेन गॅस झपाट्याने संपतो. भाडे हा खर्च मोठा खरा, पण तो एक तारखेला ठाऊक असतो. आरव्हीत खर्च लहान होतो आणि त्याची तारीख मात्र हरवते. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून आहे त्याला हा सौदा परवडतो. ज्याची शिल्लक शून्य आहे त्याला पहिला बिघाडच रस्त्यावर आणतो, आणि हे व्हिडिओत दिसत नाही. 'नोमॅडलँड' या २०२० च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, त्यावर आपल्याकडेही खूप बोलले गेले. पण त्यातली माणसे बहुतेक उतारवयाची, एकटी. कडेवर मूल नसलेली.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी भाचीला मुद्दाम सांगितल्या. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर सरकारने बेघर कुटुंबांना असे ट्रेलर राहायला दिले. थोड्या दिवसांची सोय, पण लोक त्यात वर्षानुवर्षे राहिले. २००८ मध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेने तपासणी केली, तेव्हा आतल्या हवेत फॉर्माल्डिहाइड हा वायू नेहमीच्या घरांपेक्षा जास्त आढळला. प्लायवूड आणि गोंद यांतून तो सुटतो. आजच्या गाड्यांवर कडक निर्बंध आले आहेत, तरी तान्ह्या मुलाला बंद गाडीत चोवीस तास ठेवताना हे ठाऊक असावे. दुसरी गोष्ट शाळेची. मॅकिनी-व्हेंटो या १९८७ च्या कायद्यानुसार, दुसरी धड सोय नाही म्हणून ट्रेलर पार्कात किंवा कॅम्पिंगच्या जागी राहणारे मूल बेघर समजले जाते. कायदा मुलाच्या भल्याचाच आहे, पत्त्याचे कागद नसले तरी शाळेने त्याला ताबडतोब प्रवेश द्यावा म्हणून. पण शिक्षकाच्या मुलाच्या फाइलवर हा शब्द यावा?

मग सरसकट नकोच म्हणायचे का? तसेही नाही. गाडी जुनी, ओळखीच्या मेकॅनिकने तपासलेली आणि रोख पैशाने घेतलेली असावी. वाचलेले भाडे दर महिन्याला वेगळ्या खात्यात जावे, आणि कधी बाहेर पडायचे तो महिना आधीच ठरलेला असावा. एवढे जमले तर दीड-दोन वर्षांत घराच्या अनामतीपुरती रक्कम जमू शकते, अशी कुटुंबे आहेत. हप्त्याने गाडी घेण्यापेक्षा कारखान्यात तयार झालेले, एका जागी बसवायचे घर पाहावे. अशा घरांना १९७६ पासून केंद्र सरकारचे बांधकामाचे निकष आहेत. आरव्ही त्यात मोडत नाही, ती प्रवासापुरती बनवलेली असते.

भाचीच्या सासऱ्यांची गावाबाहेर दोन एकर जागा आहे, तिथे गाडी लावू असे तिचे म्हणणे. जागेचे भाडे नाही म्हटल्यावर हिशेब पुष्कळ बदलतो. पण अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वतःच्या जमिनीवरही आरव्ही उभी करता येते, तिच्यात कायम राहता मात्र येत नाही. म्हणून गाड्यांच्या दुकानात जाण्याआधी तिने कौंटीच्या कार्यालयात जाऊन किती दिवसांची परवानगी मिळते, सेप्टिक टाकीला जोडणी देतात की नाही, एवढे लेखी विचारून घ्यावे, असे मी तिला कळवले आहे.